सहीवाचून राहिलेलं पत्र

मस्कतच्या वादी अदाईतल्या एका इमारतीत रमण आरोंदेकरला तोंडावर सगळे रमणभाऊ म्हणत आणि पाठीमागे 'पत्रवाले'. नोकरी तशी साधीच. रुवीतल्या एका कंपनीत बंदरावर येणाऱ्या मालाची कागदपत्रं सांभाळायची, कस्टमला फोन करायचे, अरबीतला शिक्का सरळ आहे की उलटा ते बघायचं. त्या नोकरीमुळे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तळकोकणातून राज्यसभेवर गेलेले खासदार भिकाजी मठकर यांची पत्रं मस्कतात बसून हा माणूस लिहितो, ही त्याची ओळख होती.

हे जमलं कसं, तर भिकाजी मठकर हा बोलणारा माणूस. कुडाळच्या चौकात बोलायला उभे राहिले की भाजीवाल्या बायका माप अर्धवट ठेवून ऐकत राहायच्या. पण कागद पुढे आला की त्यांचा हात अडायचा. चार ओळींत तीनदा 'सस्नेह' यायचं. तेव्हा रमण पक्षाच्या कचेरीत सतरंज्या घालायला आणि पत्रकं वाटायला जायचा. एकदा कुणी लिहिणारा मिळेना म्हणून भिकाजींनी त्याला बसवलं आणि म्हणाले, "मी बोलतंय, तू लिव." रमणने बोललेलं लिहिलं नाही, भिकाजींना काय म्हणायचं होतं ते लिहिलं. भिकाजींनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हां. ह्याच माका सांगूचा होता."

पुढे रमण पोटापाण्यासाठी ओमानात आला, तरी ते काम सुटलं नाही. आधी फॅक्स, मग ईमेल, मग व्हॉट्सअॅप. ओमानात व्हॉट्सअॅपवरून बोलणं लागत नाही, म्हणून भिकाजी आवाज भरून पाठवायचे. रमण ऑफिसातून आला, चहा घेतला की तो आवाज घरभर सुरू व्हायचा. "रमण, बरो आसस मा? हां, तर आता लिव. पाटबंधारे मंत्र्यांका. जरा कडक, पण तुटाक देव नको." त्याची बायको कलावती भाकरी थापता थापता म्हणायची, "ह्या घरात माझ्यापेक्षा साहेबांचो आवाज जास्त ऐकाक येता." पण तिलाही ते आवडत होतं. मस्कतातल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला पुढच्या रांगेत खुर्ची मिळायची.

भिकाजींनी आपल्या सहीचं चित्रही रमणकडे देऊन ठेवलं होतं. पत्र तयार झालं, भिकाजींनी ऐकलं आणि "हां, घाल" म्हणाले की रमण सही बसवून दिल्लीच्या कार्यालयाला पाठवून द्यायचा. 'हां, घाल' ऐकल्याशिवाय त्याने ती सही कधी उघडलीसुद्धा नव्हती. मस्कतातल्या कितीतरी लोकांची कामं त्या पत्रांनी झाली. कुणाच्या मुलीला शाळेत प्रवेश, कुणाचा अडकलेला पासपोर्ट. लोक आभार मानायला आले की रमण म्हणायचा, "माझं काही नाही, साहेबांची कृपा." आणि ते त्याला मनापासून वाटायचं.

मग पक्ष फुटला.

तिकडे मुंबईत एका सकाळी दोन पत्रकार परिषदा झाल्या आणि संध्याकाळपर्यंत एका पक्षाचे दोन पक्ष झाले. जुने अध्यक्ष एका बाजूला, सरकारात जाऊन बसलेला नवा गट दुसऱ्या बाजूला, आणि दोघेही म्हणत, खरे आम्हीच. मस्कतातही मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवड्याभरात दुभंगला. दुकानांच्या आतल्या सजावटीची कंत्राटं घेणारा जितेश नव्या गटाचा ओमानमधला समन्वयक झाला. मंडळाचा सचिव, नागपूरकडचा इंजिनिअर धनेश मेश्राम, अध्यक्षांबरोबर राहिला. दर हिवाळ्यात मस्कतजवळच्या बरक्याच्या एका बागेत मंडळाची सहल जायची. त्या वर्षी दोन सहली गेल्या, एकाच शुक्रवारी, शेजारशेजारच्या बागांत. मुलं कुंपणाच्या तारेतून एकमेकांशी इंग्रजीत गप्पा मारत उभी होती.

भिकाजी मात्र कुठल्याच बागेत नव्हते. आधी त्यांनी अध्यक्षांना पत्र लिहायला सांगितलं. "लिव, हयात असेपर्यंत तुमची साथ सोडणार नाही. मनापासून येव दे." रमणने लिहिलं. चार दिवसांनी आवाज आला, आता नव्या गटाच्या नेत्यांना. "लिव, काळाची गरज मी ओळखून आहे. योग्य वेळी योग्य पाऊल. मोघम ठेव, पण गोड ठेव." रमणने तेही लिहिलं. असं सात-आठ महिने चाललं. एकीकडे निष्ठा, दुसरीकडे गरज, आणि दोन्हीकडे अक्षर न् अक्षर रमणचं.

कलावतीने एकदा विचारलं, "दोन्ही पत्रां खरी कशी असतली?"

"साहेब अजून इचार करतत," रमण म्हणाला.

"आणि तुमी?"

आपण विचार करावा असं त्या इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला समुद्रापलीकडे युद्ध पेटलं. मस्कतात बॉम्ब पडले नाहीत. पण विमानं रद्द झाली, शाळा घरून सुरू झाल्या, आणि रमणच्या ऑफिसात माल यायचा थांबल्यामुळे लोक दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. मालक मधूनच खोलीत डोकावायचा आणि "इन्शाल्ला खैर" म्हणून निघून जायचा. दुपारी रस्त्यावर एरवीही माणूस नसतं, पण आता ती शांतता वेगळी वाटायची. वादी अदाईच्या काळ्या उघड्या डोंगरांकडे बघत लोक गच्चीवर उभे राहायचे, जणू काही दिसलंच तर तिकडून दिसेल.

खालच्या मजल्यावर नंदा राहायची. रुवीत एका शिवणकामाच्या दुकानात ती ब्लाउज आणि अरबी बायकांचे अबाये शिवत असे. तिचा नवरा भगवान हा रमणच्याच गावचा, आरोंद्याचा. जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीवर इंजिन सांभाळायचा. त्याला ओमानात रमणनेच आणलं होतं, नोकरीसाठी शब्द रमणनेच टाकला होता. युद्धाच्या थोडं आधी ती टगबोट भाड्याने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात गेली होती, महिन्याभराच्या कामासाठी. आता ते बंदर रोज बातम्यांत दिसत होतं.

भगवानचे आवाज रमणच्या फोनवर तुटक तुटक यायचे. कधी दिवसाआड, कधी चार दिवसांनी तीन एकदम. "दादा, कॅप्टन उतरान गेलो. म्हणालो, कंपनीशी बोलान येतंय. परत येवक नाय. आमी आता पाच जण आसंव. पाणी आसा, पण मोजून पितंव. बंदरावरचे लोक आमका उतराक देनत नाय, म्हणतत व्हिसा खय? नंदाक सांग, मी बरो आसंय."

मागे कुठेतरी दाराएवढं काही आपटल्यासारखा आवाज यायचा. नंदा तो संदेश परत परत लावायची आणि विचारायची, "भावजी, ह्यो कसलो आवाज?" रमण म्हणायचा, "साखळदंडाचो आसतलो."

तो टगबोटीच्या कंपनीच्या कचेरीत गेला. तिथे बदरुद्दीन नावाचा हिशेबनीस एकटाच बसलेला होता. अर्बाब, म्हणजे मालक, देशाबाहेर गेले आहेत, फोन उचलत नाहीत, म्हणाला. "मैं भी उन्हीं को ढूँढ रहा हूँ, भाई." त्याने रमणला चहा पाजला, पाचही जणांच्या पासपोर्टच्या प्रती दिल्या आणि दोन्ही हात वर केले. दूतावासातल्या बाईंनी नावं लिहून घेतली, नीट ऐकून घेतलं आणि खरं ते सांगितलं. अडकलेले हजारो आहेत, पलीकडच्या देशातली गोष्ट आहे, दिल्लीहून शब्द आला तर तिथल्या बंदराशी बोलणं लवकर होईल.

दिल्लीहून शब्द. नंदाने रमणकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव होता. इतके दिवस सगळ्यांची पत्रं ज्याने लिहिली, त्याच्या शेजारी ती राहत होती.

त्या शुक्रवारी सकाळी रमणने परराष्ट्र मंत्र्यांच्या नावे पत्र लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, आवाज आला नव्हता. पहिल्यांदाच तो स्वतःहून साहेबांच्या तोंडून बोलत होता. पाच जणांची नावं, वयं, गावं. सगळ्यांत लहान राकेश पाटील, श्रीवर्धनकडचा, बोटीवर तेलपाणी बघणारा, आईला एकुलता एक. मोठा शब्द एकही नाही. कलावतीला वाचून दाखवलं, तेव्हा ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आता ह्या पत्राक कोण नाय म्हणतलो?"

भिकाजींचं उत्तर संध्याकाळी आलं. "पत्र झकास झाला हा, रमण. माज्या डोळ्यात पाणी इला. पण सही सध्या बंद आसा."

रमणला कळेना. त्याने पुन्हा लावलं.

"अपात्रतेची सुनावणी लागली हा. वकील म्हणता, ती होयसर खयच्याच कागदार सही करू नको. मंत्र्यांका लिवलंय तर अध्यक्षांचे वकील म्हणतले, बघा, हो फुटलो. अध्यक्षांच्या मार्फत लिवलंय तर हे म्हणतले, हो आमचो नाय. आता साधा पत्र म्हणान काय रवाक नाय बाबा, सगळो पुरावो. थोडे दिस थांब."

किती दिवस, हे रमणने विचारलं. त्याला उत्तर आलं नाही.

नंदाला त्याने सांगितलं, साहेब बघतायत. नंदाने दुकानातल्या बायकांना सांगितलं. तिने भगवानलाही संदेश पाठवला की साहेबांचं पत्र निघतंय. रमणला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "अगो, अजून निघूक नाय." ती म्हणाली, "निघतला मा? मग झाला. तेंका तेवढोच धीर."

त्यानंतर भगवानच्या बोलण्यात ते पत्र यायला लागलं. "दादा, पोरग्यांका सांगलंय. सगळे रोज इचारतत, पत्र पोचला काय. राकेश तर माका खासदारच म्हणता." आणि तो हसला. पुढच्या संदेशात हसणं नव्हतं. "राकेशच्या पोटात दुखता. उजव्या बाजूक. ताप पण आसा. होत्यो त्यो गोळ्यो दिल्यो. रेडिओवर डॉक्टर मागलो, कोण जवाब देना नाय. दादा, तेवढा डॉक्टरचा पत्रात घाल."

रमणने पत्रात ते घातलं. 'तातडीची वैद्यकीय मदत' हे शब्द त्याने पहिल्याच ओळीत नेले. भिकाजींना पाठवलं. संदेशापुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्यांनी पाहिलं. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रमणने स्वतःच्या आवाजात पाठवलं, "साहेब, पोरग्याचा अपेंडिक्स असात. फुटला तर मरात. मी तुमच्याकडे आजपर्यंत काय मागूक नाय." ते वाक्य खरं होतं. खुणा निळ्या झाल्या.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. रमणने डबा उघडला नाही. त्याने सहीचं चित्र उघडलं. तिरकी, उजवीकडे चढत जाणारी ती सही त्याने इतक्या कागदांवर बसवली होती की तिची रुंदी त्याच्या बोटांना माहीत होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ती पत्राखाली ठेवली, खाली 'मस्कत संपर्क' म्हणून स्वतःचा फोन नंबर घातला आणि परराष्ट्र मंत्रालयाने अडकलेल्या भारतीयांसाठी उघडलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवून दिलं. एक प्रत दूतावासाला. पाठवल्यावर त्याला भीती वाटली नाही, हे त्याला नंतर आठवलं. उलट भूक लागली, आणि डब्यातली वांग्याची भाजी त्याने पुसून खाल्ली.

दोनच दिवसांत दिल्लीहून कुणा अधिकाऱ्याने खात्री करायला भिकाजींना फोन लावला. भिकाजी तेव्हा नव्या गटाच्या लोकांबरोबर बसले होते, वकीलही शेजारी होता. त्यांनी सांगितलं, हे पत्र माझं नाही.

रमणला हे जितेशकडून कळलं. तो संध्याकाळी घरी आला, चपला दाराबाहेर नीट ठेवल्या, कलावतीला "वहिनी, चहा नको" म्हणाला आणि फोनवरचं एक निवेदन वाचून दाखवलं. 'माझ्या नावाने बनावट पत्र प्रसृत करण्यात आले असून सदर पत्राशी माझा कोणताही संबंध नाही.' रमणला आधी अर्थ लागलाच नाही. त्याला फक्त भाषा ऐकू आली. हे कुणीतरी दुसऱ्याने लिहिलं होतं. साहेबांकडे आता लिहायला दुसरा माणूस होता.

"रमणभाऊ, मी ओरडायला आलो नाहीये," जितेश म्हणाला. "पण बघा, प्रकरण वाढलं तर इकडच्या पोलिसांपर्यंत जाईल. नोकरी, व्हिसा, सगळंच खलास. आणि ती बोटीवरची पाच नावंही आता अडकलीत. पत्र खोटं, तर यादी तरी खरी कशावरून, असं ते म्हणणारच."

"नावा खरी आसत," रमण म्हणाला. मग त्याने पुन्हा सांगितलं, "नावं खरी आहेत. पासपोर्ट आहेत."

"मला माहितीये हो. म्हणून तर मार्ग काढून आणलाय. तुम्ही चार ओळी लिहून द्या. हे पत्र धनेश मेश्रामने तुमच्याकडून करून घेतलं, साहेबांना अडचणीत आणायला. तुमच्यावर काही येणार नाही. मी आज रात्रीच वर बोलतो. मंत्र्यांचा माणूस माझ्या ओळखीचा आहे, नावं पहिली घेतील."

"धनेशक ह्यातला कायच म्हायत नाय."

"त्याला काय होणारे? अध्यक्षांच्या गटाचा आहे, तिकडचे बघतील त्याला."

रमणने धनेशबद्दल विचार केला. फार ओळख नव्हती. फुटीच्या वेळी मंडळाच्या सभेत धनेश त्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुम्ही दोन्हीकडची पत्रं लिहिता, तुम्हाला झोप कशी लागते?" त्याचा रमणला रागच होता. धनेशला दोन लहान मुली होत्या. त्याचा व्हिसाही कुणाच्यातरी सहीवर चालत होता.

"मी लिहितो की मीच केलं," रमण म्हणाला. "त्याचं नाव नाही लिहिणार."

जितेश उठला. रागावला नाही. "तुमचं एकट्याचं लिहून मला काय उपयोग?" म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

भिंती पातळ होत्या, आणि नंदा काहीतरी द्यायला वर आली होती ती बाहेरच थांबली होती. जितेश गेल्यावर ती आत आली. हातात झाकण घातलेली वाटी तशीच. तिने ती टेबलावर ठेवली आणि रमणला विचारलं, "एक नाव लिवला असतात तर काय झाला असता, भावजी?"

तिने हे भांडणासाठी विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कलावती म्हणाली, "नंदा, बस." पण ती बसली नाही.

पुढचा दिवस रमणने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. सकाळी भगवानचा आवाज आला होता. राकेश आता बोलत नाही, नुसता कण्हतो, असं त्यात होतं, आणि अखेरीस हलक्या आवाजात, "दादा, पत्राचा काय झाला?" दुपारी रमण ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने जितेशला फोन लावला. म्हणाला, "लिहितो. धनेशचं नाव लिहितो. आत्ता येऊ का?"

पलीकडे गडबड होती, कुणीतरी पेढे म्हणत होतं. जितेश म्हणाला, "अहो, आता गरज नाही रमणभाऊ. साहेबांनी प्रवेश केला ना सकाळी. आले आपल्याकडे. आता सुनावणीबिनावणी सगळं संपलं."

"आणि बोटीवरचे?"

"बघतो ना. बोलतो वर. इन्शाल्ला."

रमणने फोन ठेवला. एका माणसाचा घात करायला तो तयार झाला होता, आणि तेही कुणाला नको होतं. त्याने भिकाजींना संदेश पाठवला, साहेब, आता तरी सही करा. पत्र तयार आहे. त्या संदेशापुढे एकच खूण आली आणि एकच राहिली, म्हणजे तो पोचलाच नाही.

राकेश त्याच आठवड्यात गेला. भगवानने ते सांगताना फार बोलणं केलं नाही. "दादा, राकेश गेलो. पहाटे." मग बराच वेळ नुसता वारा, आणि मग, "बंदरावरचे येवन घेवन गेले. आता येवक गावला तेंका."

त्यानंतर काही आठवड्यांनी तिकडे युद्धविराम झाला. बंदर उघडलं, बोटींच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि उरलेल्या चौघांना एका दुसऱ्या जहाजावरून परत धाडण्यात आलं. ते नेमकं कुणी करवलं, कुणाच्या शब्दाने, ते अखेरपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. जितेशच्या गटाने साहेबांच्या प्रयत्नांना यश म्हणून फोटो फिरवले. अध्यक्षांच्या गटाने आपल्या नेत्याचा फोटो लावून तेच लिहिलं. बदरुद्दीनला विचारलं तर तो म्हणाला, "किसी ने कुछ नहीं किया भाई. गोलाबारी रुकी, इसलिए आ गए."

भगवान घरी आला तेव्हा नंदा त्याला ओळखेना, इतका तो उतरला होता. एका कानाने कमी ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी तो रमणकडे वर आला, खुर्चीत बसला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. रमणने त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं, अगदी जिन्यातल्या फोनपर्यंत. पण भगवानच आधी बोलला.

"दादा, तुझा पत्र होता म्हणान आमी तगलंव. रोज सकाळी उठान राकेश इचारी, पोचला काय? मी म्हणय, पोचला, आता जवाब येतलो." मग म्हणाला, "शेवटाक इचारूचा बंद केल्यान."

रमणने सांगितलं नाही. कलावती चहा घेऊन आली, ठेवून गेली. भगवानने तो उजव्या कानाशी हात धरून, काहीतरी ऐकू येतंय का बघत, सावकाश प्यायला.

राकेशची आई श्रीवर्धनकडच्या एका गावात राहायची. तिला कुणीतरी रमणचा नंबर दिला होता. ती फार रडली नाही. तिला एवढंच हवं होतं की मुलगा घरी यावा. तो पलीकडच्या बंदरातल्या शवागारात होता. कागद हलत नव्हते. कंपनीचा पत्ता नव्हता. दूतावासातल्या त्याच बाईंनी रमणला ओळखलं आणि क्षणभर दोघंही अवघडले. मग त्या म्हणाल्या, तिथल्या सरकारला दिल्लीहून पत्र जायला हवं, कुणा लोकप्रतिनिधीने मंत्रालयात पाठपुरावा केला तर बरं.

रमण दोन दिवस नोकरीवर जाऊन येत राहिला. वाटेत रुवीच्या रस्त्याला एका दुकानाबाहेर बाकावर बसून राहिला, उन्हातच. दुसरा कुणी खासदार त्याच्या ओळखीचा नव्हता. धनेशला विचारायला तोंड नव्हतं. कलावतीने त्याला काहीच सुचवलं नाही. तिलाही दिसत होतं की वाट एकच उरली आहे.

शनिवारी तो बसला आणि त्याने भिकाजी मठकरांच्या नावाने पुन्हा पत्र लिहिलं. या वेळी सात-आठ ओळींचं. मयताचं नाव, पासपोर्ट क्रमांक, बंदराचं नाव, आईचं नाव, पार्थिव मायदेशी आणण्याची विनंती. सहीची जागा मोकळी ठेवली. साहेबांच्या त्याच नंबरवर पाठवलं, वर एकही ओळ न लिहिता. या वेळी दोन खुणा आल्या.

भिकाजींचा आवाज तासाभरात आला. आवाज तोच, भरदार. "रमण, बरो आसस मा? अरे, झाला गेला ता मनात धरू नको. तेव्हा माज्या हातात काय नव्हता. पत्र बघलंय. चांगला आसा, मोजका. हां, घाल. नाय, थांब, मीच करतंय सही, दिल्लीत आसंय."

दुपारपर्यंत सही होऊन पत्र मंत्रालयात पोचलं. दुसऱ्या दिवशी फोन आले. आठवडा उलटायच्या आत पेटी मस्कतात आली, कारण तिकडून मुंबईला सरळ विमानं अजून सुरू झाली नव्हती.

विमानतळाच्या मालधक्क्यावर रमण आणि भगवान गेले. कागद रमणने तपासले, ते त्याचं रोजचंच काम होतं. शिक्का, नाव, वजन. नाव बरोबर होतं. भगवान पेटीजवळ गेला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने लाकडावर हात ठेवला. मग दोघे बाहेर कुंपणाशी येऊन उभे राहिले. ऊन चटके देत होतं.

रमणने राकेशच्या आईला फोन लावला. विमान संध्याकाळी निघेल, पहाटे मुंबईत कोण घ्यायला येतंय, ते विचारलं. तिने भावाचं नाव सांगितलं. गाडी ठरली आहे, म्हणाली. पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"साहेबांनी लय केलं आमच्यासाठी," ती म्हणाली. "त्यांना माझा आशीर्वाद कळवा."

रमणने कुंपणाची तार हातात धरली. ती तापलेली होती, तरी त्याने हात काढला नाही.

"कळवतो," तो म्हणाला.